रेमिशन आलंय, मग ट्रान्सप्लांट आत्ताच का? (भावाचा एएमएल)

गोदाकाठची, ११ ऑगस्ट २०२४, रात्री १०:४०

बऱ्याच महिन्यांनी लिहितेय आणि कारण चांगलं नाही. धाकटा भाऊ, वय ३४. जूनच्या पहिल्या आठवड्यात हिरड्यांतून रक्त येतंय म्हणून डेंटिस्टकडे गेला. त्या बाईंनी दाताला हातच लावला नाही, म्हणाल्या आधी सीबीसी करून आण. रात्री नऊला लॅबवाल्याचाच फोन. पांढऱ्या पेशी ८६ हजार, प्लेटलेट १९ हजार. तिसऱ्या दिवशी आम्ही नाशिकहून मुंबईत ॲडमिट. एएमएल, म्हणजे झपाट्याने वाढणारा ब्लड कॅन्सर. त्यात एफएलटी३-आयटीडी नावाचा जनुकातला दोष पॉझिटिव्ह.

सात दिवसांची किमो झाली, जोडीला एफएलटी३ वरच्या गोळ्या. जुलैत बोन मॅरो तपासणी केली, ब्लास्ट (कच्च्या, रोगट पेशी) २ टक्के. रेमिशन! घरात पेढे वाटले, खरंच वाटले. आणि दुसऱ्याच दिवशी डॉक्टर म्हणाले, आता बोन मॅरो ट्रान्सप्लांटच्या तयारीला लागा. माझी एचएलए तपासणी (दाता जुळतो का ते बघायची) झाली, दहापैकी दहा जुळलं.

इथून घरात दोन पार्ट्या. बाबा म्हणतात आजार गेलाय ना, मग धडधाकट पोराला पुन्हा मरणाच्या दारात कशाला न्यायचं? परत आला तर बघू की. काका म्हणतात हा सगळा पैशाचा खेळ (आम्हाला १८ लाखांचा अंदाज दिलाय). त्यात बेड मिळतोय १९ सप्टेंबरला, म्हणजे ऐन पितृपक्षात. आई म्हणते दसऱ्यानंतर करू. आणि माझ्या सासूबाईंचं वेगळंच, तुला दोन लेकरं आहेत, तुझं काही झालं म्हणजे?

तर विचारायचं असं की खरंच इतकी घाई असते का? दोन-चार आठवड्यांनी काय बिघडतं? आणि घरातले सात-आठ जण रक्त द्यायला तयार आहेत, मीसुद्धा. तेवढाच खर्चाला हातभार.

पांढराकोट, १२ ऑगस्ट, सकाळी ७:१५

शेवटचं आधी. घरातल्या कुणीही भावाला रक्त किंवा प्लेटलेट देऊ नका, तुम्ही तर मुळीच नाही. दात्याचं किंवा रक्ताच्या नात्यातल्यांचं रक्त आधी चढलं, तर भावाचं शरीर त्या पेशींविरुद्ध अँटीबॉडी तयार करू शकतं, आणि मग तुमच्याच स्टेम सेल (रक्त तयार करणाऱ्या मूळ पेशी) रुजायला त्रास होतो. रक्तपेढीतलं परक्याचं रक्त घ्या, तेही किरण दिलेलं. वॉर्डात 'इरॅडिएटेड' हा शब्द कानावर पडेल, तो पिशवीवर आहे ना हे बघायची सवय लावा. भावकीला हातभार लावायचाच असेल तर त्यांनी इतर रुग्णांसाठी रक्तदान करावं, रक्तपेढीला बदली रक्तदाते हवेच असतात.

आता रेमिशन. मॅरोत ब्लास्ट ५ टक्क्यांच्या खाली गेले आणि रक्ताचे आकडे सावरले की त्याला रेमिशन म्हणतात. आजार गेला असं नव्हे. निदानाच्या वेळी अंगात साधारण एक लाख कोटी ल्युकेमियाच्या पेशी असतात. सूक्ष्मदर्शकाखाली सगळं स्वच्छ दिसतं तेव्हाही त्यातल्या शंभर कोटी शिल्लक असू शकतात. हरळी वरवर खुरपल्यासारखं. म्हणूनच हल्ली एमआरडी नावाची जास्त बारीक तपासणी करतात.

ट्रान्सप्लांटमधली जोरदार किमो हा अर्धाच उपचार. उरलेला अर्धा उपचार म्हणजे तुमची प्रतिकारशक्ती. तुमच्या पेशी भावाच्या अंगात जाऊन उरलेला ल्युकेमिया शोधून मारतात. हे पटायला एक उदाहरण. हुबेहूब जुळ्या भावाच्या पेशी दिल्या की ग्राफ्ट-व्हर्सस-होस्ट, म्हणजे जीव्हीएचडी (दात्याच्या पेशी रुग्णाच्याच अंगावर उलटणं), जवळजवळ होतच नाही, पण आजार उलटण्याचं प्रमाण मात्र जास्त. म्हणजे थोडं परकेपण हेच औषध आहे. पण या परक्या फौजेला जम बसवायला कित्येक आठवडे लागतात, आणि सुरुवातीला आपणच सायक्लोस्पोरिन देऊन तिला आवरून धरलेलं असतं. तेवढ्यात शत्रू थोडा असेल तर ती पुरी पडते. आजार उसळलेला असेल तर तो आधी पुढे जातो. "परत आला तर बघू" यात मेख हीच आहे. दुसरं रेमिशन मिळेलच असं नाही, आणि मिळालं तर तोवर फुप्फुसं, यकृत, हृदय सगळ्यांनी आणखी किमो सोसलेली असते.

हा नियम सगळ्या एएमएलला नाही, हेही काकांना सांगा. ८ आणि २१ क्रमांकाच्या गुणसूत्रांची अदलाबदल असलेला प्रकार, १६ चा उलटा तुकडा, किंवा एपीएल हा उपप्रकार, यांत पहिल्या रेमिशनमध्ये सहसा ट्रान्सप्लांट करत नाहीत. एपीएल तर एट्रा नावाची गोळी आणि आर्सेनिकवर बरा होतो. तिथे कुणी लगेच ट्रान्सप्लांट सुचवला तर मी स्वतःच म्हणेन, दुसरं मत घ्या. एफएलटी३-आयटीडीचं गणित वेगळं आहे, तो उलटायची शक्यता जास्त. आणि जर्मनीत झालेल्या एका चाचणीत असंही दिसलं, की आजार उलटलेल्या किंवा पहिल्या किमोला न जुमानलेल्या रुग्णांत आधी रेमिशनसाठी झगडत बसण्यापेक्षा थेट ट्रान्सप्लांटकडे गेलं तरी निकाल वाईट येत नाहीत. पण ज्याला रेमिशन आयतं हातात आहे त्याने ते घालवून बघावं, असा त्याचा अर्थ नाही.

आंबोळी, १२ ऑगस्ट, दुपारी १:०५

डॉक्टर, उलट बाजूची एक गोष्ट. माझ्या मामाला १९९९ मध्ये सीएमएल, म्हणजे ब्लड कॅन्सरचाच दुसरा प्रकार, निघाला. तेव्हा पूर्ण बरं व्हायचं तर ट्रान्सप्लांट, आणि तोही शक्यतो वर्षाच्या आत, असंच सांगायचे. मॅच होता फक्त मोठ्या मामाचा, आणि तो ऐन वेळी मागे सरला. जमिनीचा वाद होता, जाऊ दे. हा मामा इंटरफेरॉनच्या इंजेक्शनांवर रडतखडत राहिला. २००१ मध्ये अमेरिकेत सीएमएलवरचं इमॅटिनिब हे गोळीचं औषध मंजूर झालं, पुढे त्याला कंपनीच्या मोफत योजनेतून ते मिळालं, आणि आज ७१ वर्षांचा मामा सावंतवाडीत काजूची बाग बघतो. ट्रान्सप्लांट झाला असता तर कदाचित त्यातच गेला असता.

म्हणजे थांबण्यातही कधी शहाणपण असतं ना?

पांढराकोट, १२ ऑगस्ट, रात्री ९:३०

मामांना नमस्कार. पण ते शहाणपण नव्हतं, नशीब होतं. सीएमएल वर्षानुवर्षं संथ चालतो, म्हणून थांबता आलं. एएमएलमध्ये वाट बघण्याचं माप आठवड्यांत असतं. आज सीएमएलला ट्रान्सप्लांट क्वचितच लागतो, गोळ्या निकामी झाल्या किंवा आजार ब्लास्ट क्रायसिसमध्ये, म्हणजे शेवटच्या उसळलेल्या टप्प्यात, गेला तरच.

एमडीएसमध्ये (यात मॅरो नीट रक्त बनवत नाही) तर सौम्य प्रकाराला मुद्दाम थांबतात आणि जोखमीच्या प्रकाराला लवकर उरकतात. नाव सगळ्यांचं ब्लड कॅन्सर, पण प्रत्येकाचं घड्याळ निराळं.

रंकाळ्याचा_तात्या, १३ ऑगस्ट, सकाळी ११:२०

आमचं मायलोमाचं (हाही मॅरोतल्या पेशींचाच कॅन्सर) घड्याळ आणखी तिसरंच. त्यात दाता मीच आणि घेणाराही मीच, ऑटोलॉगस. औषधांच्या चार सायकल झाल्यावर डॉक्टरांनी स्टेम सेल काढून घेतल्या, कारण त्यातलं लेनालिडोमाइड जास्त दिवस चाललं की पेशी नीट निघत नाहीत म्हणे. दोन ट्रान्सप्लांटला पुरतील एवढ्या द्रव नायट्रोजनमध्ये, उणे १९६ अंशांत. मग विचारलं, आत्ता करायचा की आजार उलटल्यावर? २०२२ मध्ये एक मोठी अमेरिकन चाचणी छापून आली होती. लगेच केला तर आजार सरासरी ६७ महिने दबून राहतो, नाही केला तर ४६. पण किती जण जगले ते दोन्हीकडे सारखंच. मुलगी म्हणाली पुढे ढकलूया. मी म्हटलं आत्ता ६१ वर्षांचा आहे, जिना चढतो, ६६ व्या वर्षी चढेन याची हमी कोण देणार? केला.

मेल्फालनच्या (ट्रान्सप्लांटआधीची जोरदार किमो) वेळी तोंडात बर्फ धरायचा, हे कुणी सांगितलं नाही तर विचारा. सलाइन सुरू व्हायच्या आधीपासून संपल्यानंतरपर्यंत सतत. तोंडाच्या रक्तवाहिन्या आकसतात, औषध तिथे कमी पोचतं, फोड कमी येतात. मी बिनसरबताचा गोळा खातोय असं समजून कडाकडा चघळत होतो, दात बधिर. शेजारच्या बेडवरच्याला थंडी वाजते म्हणून त्याने मधेच सोडलं, आठव्या दिवसापासून बिचाऱ्याला थुंकीसुद्धा गिळवेना.

आणि गोठवलेल्या पेशी चढवताना अख्ख्या खोलीत लसूण आणि उकडलेल्या मक्याच्या मधला वास येतो. बायको म्हणाली, कोण भेळ खातंय?

निसर्गमित्र_७, १३ ऑगस्ट, दुपारी ३:४५

गुळवेलीचा काढा आणि गव्हांकुराचा रस सुरू करा. प्लेटलेट आठ दिवसांत दुप्पट. किमो लॉबी हे सांगणार नाही.

पांढराकोट, १३ ऑगस्ट, दुपारी ४:१०

मुंबईतल्याच डॉक्टरांनी २०२१ मध्ये गुळवेलीनंतर यकृताला इजा झालेल्या रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली आहे. ट्रान्सप्लांटनंतर यकृत बिघडलं तर आधीच तीन संशयित असतात. औषधं, जीव्हीएचडी आणि व्हीओडी. व्हीओडीमध्ये यकृतातल्या बारीक शिरा तुंबतात, वजन भराभर वाढतं, पोट दुखतं, कावीळ होते. त्यात काढ्याचा चौथा संशयित आणू नका. पपनसही नको, त्याने सायक्लोस्पोरिनची रक्तातली पातळी चढते.

रानजाई, १४ ऑगस्ट, रात्री ११:५०

लिहू की नको करत चार दिवस गेले. नवऱ्याचा एएलएल, हाही झपाट्याने वाढणारा ब्लड कॅन्सर, २०१९ मध्ये ट्रान्सप्लांट, दाता त्याचा भाऊ. आता तो कामावर जातो, हे आधी सांगते म्हणजे पुढचं वाचवेल.

आमच्याकडे चूक माझी झाली. सायक्लोस्पोरिनची पातळी तपासायची तर सकाळच्या गोळीच्या आधी रक्त द्यायचं असतं. ओपीडीला चार तास बसायला लागायचं, त्याला मळमळायचं, म्हणून मी घरूनच गोळी आणि नाश्ता देऊन न्यायचे. दोन आठवडे पातळी जास्त आली, डोस कमी केला गेला. कुणी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. ३८ व्या दिवशी तळहात लाल झाले, उन्हात भाजल्यासारखे. मला वाटलं भांडी घासायच्या साबणाचं असेल, पण तो भांडी कुठे घासत होता! दोन दिवसांनी जुलाब. वॉर्डात मापाचं प्लास्टिकचं भांडं असतं, त्यात मोजून वहीत लिहायचं. पहिल्या दिवशी ७००, तिसऱ्या दिवशी १४०० मिली, हिरवट पाणी. ती वही अजून माझ्याकडे आहे. स्टिरॉइडने त्वचा निवळली, आतडं नाही. मग रक्सोलिटिनिबच्या गोळ्या. घरी यायला अडीच महिने.

डोस कमी झाला म्हणूनच झालं असं डॉक्टर म्हणाले नाहीत, तसंही झालं असतं म्हणाले. मला अजून तसं वाटत नाही.

पांढराकोट, १५ ऑगस्ट, सकाळी ६:५०

रानजाई, पूर्ण पातळी असूनही जीव्हीएचडी होतो, रोज बघतो. पण वहीची गोष्ट सोन्यासारखी आहे, कारण आतड्याच्या जीव्हीएचडीची तीव्रता ठरते ती याच मोजमापावरून. गोदाकाठची, तुम्हीही वही करा. वजन, ताप, जुलाब, गोळीची वेळ.

एकेका संकटाची एकेक वेळ असते. पहिला महिना पांढऱ्या पेशी शून्यावर, जंतूंचा ताप, तोंडाचे फोड, व्हीओडी. आपल्याकडे अँटिबायोटिकला न जुमानणारे जंतू जास्त, त्यामुळे ताप आला की तासाभरात औषध सुरू व्हायला हवं, सकाळची वाट बघायची नाही. त्यानंतर शंभराव्या दिवसापर्यंत सीएमव्ही विषाणू, बुरशी, अक्यूट (लवकर उसळणारा) जीव्हीएचडी. पुढे क्रॉनिक (रेंगाळणारा) जीव्हीएचडी, नागीण, आणि लहानपणीच्या लशींचा असर पुसला जातो म्हणून त्या सगळ्या पुन्हा घ्याव्या लागतात.

तारखेचं सांगतो. दोन आठवड्यांनी आभाळ कोसळत नाही. पण तो बेड दुसऱ्याला जातो, पुढचा नोव्हेंबरात मिळतो, मधे आजार दाबायला आणखी एक किमो, त्या किमोत ताप, सीटी स्कॅनमध्ये फुप्फुसात बुरशीचा डाग, तो निवळेपर्यंत सहा आठवडे. मी हे माझ्या रुग्णांत पाहिलंय. शेवटी जानेवारीत फोन येतो की ब्लास्ट वाढलेत.

दात्याचं. हाडातून मॅरो काढायचे दिवस बरेच मागे पडले, आता बहुतेक वेळा हातातल्या शिरेतून पेशी घेतात. भारतातला पहिला ट्रान्सप्लांट मुंबईत टाटा हॉस्पिटलमध्ये १९८३ साली झाला. डॉ. सुरेश अडवाणींनी नऊ वर्षांच्या मुलीला तिच्या भावाची मॅरो दिली होती. इथे उलटं, बहीण देणार. एक गोष्ट लपवत नाही. बाळंतपणं झालेल्या बहिणीच्या पेशी भावाला दिल्या तर क्रॉनिक जीव्हीएचडीची शक्यता थोडी वाढते. तरी दहापैकी दहा जुळणारी बहीण आम्ही सहसा सोडत नाही. सख्ख्या भावंडांत पूर्ण जुळण्याची शक्यता मुळात चारात एक.

खर्चासाठी महात्मा फुले योजना, मुख्यमंत्री सहाय्यता निधी, आणि धर्मादाय रुग्णालय असेल तर तिथल्या १० टक्के राखीव खाटांची चौकशी समाजसेवकाकडे करा. भावाला मूल हवं असेल तर वीर्य साठवण्याबद्दलही आत्ताच विचारा.

गोदाकाठची, १६ सप्टेंबर, रात्री ९:००

१९ तारीख पक्की!

आईला मी नाही पटवू शकले. बाबांनी आमच्या पंचवटीतल्या गुरुजींना फोन लावला, तो रामकुंडावर लागला, मागे नुसता कलकलाट. गुरुजींनी अर्धं ऐकलं आणि म्हणाले, "दुखण्याला कसला आलाय पक्ष? ॲडमिट करा." आणि ठेवून दिला. महिनाभर जे मी घसा फोडून सांगत होते ते सहा शब्दांत मिटलं. राग येऊ की हसू कळेना. सासूबाई मुलांना सांभाळायला आमच्या घरी राहायला आल्यात. बोलत नाहीत, पण डबा देतात.

वीर्य साठवायचं जमलं नाही, किमो आधीच सुरू झाली होती. जूनमध्ये कुणाला सुचलंच नाही. वाचणाऱ्यांनी लक्षात ठेवा.

गोदाकाठची, २७ सप्टेंबर, दुपारी ४:३०

काल डे झीरो, म्हणजे पेशी चढवायचा दिवस, झाला.

दात्यांसाठी लिहून ठेवते. चार दिवस पोटावर इंजेक्शनं. तिसऱ्या दिवसापासून कंबर आणि छातीचं हाड आतून ठणकतं, तापात अंग मोडून येतं तसं, पॅरासिटामॉलने भागलं. पाचव्या दिवशी मशीनवर साडेचार तास, दोन्ही हातांत सुया, नाक खाजलं तरी नर्सला सांगायचं. तासाभराने ओठांभोवती मुंग्या आल्या, ते कॅल्शियम उतरल्यामुळे. सलाइनमधून कॅल्शियम दिल्यावर थांबलं. पिशवी भरत आली तेव्हा पाहिली, पाणी घातलेल्या कोकम आगळासारखा रंग. एवढुशी. मला वाटलं होतं मोठं काही असेल.

भावाला ती तासाभरात चढली. आमच्या ताज्या होत्या, गोठवलेल्या नाहीत, त्यामुळे तात्यांचा मका आला नाही.

गोदाकाठची, १२ ऑक्टोबर, सकाळी ८:१०

नवव्या दिवशी १०३ ताप. तोंडात फोड, बोलायचं बंद, पाटीवर लिहायचा. एकदा नुसतं "पाणी नको" लिहून दोनदा अधोरेखित केलं. बाबा काचेपलीकडून बघून खाली चहाच्या टपरीवर जाऊन रडले, टपरीवाल्याने सांगितलं.

पण काल सलग तिसऱ्या दिवशी न्यूट्रोफिल (जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) ५०० च्या वर. रुजलं. आज दसरा. सोनं आत न्यायला परवानगी नाही, पानं ती पानंच. फोनवर दाखवलं.

रंकाळ्याचा_तात्या, १२ ऑक्टोबर, सकाळी ८:२५

आज सकाळपासून तीनदा धागा उघडला होता. जिंका!

गोदाकाठची, ७ नोव्हेंबर, रात्री १०:१५

ट्रान्सप्लांट झालेल्यांनी घराबाबत हे बघा. आम्ही हॉस्पिटलजवळ भाड्याने घेतलेल्या खोलीच्या खिडकीत कबुतरं, आणि शेजारच्या इमारतीचं पाडकाम सुरू. दोन्हीतून बुरशीचा धोका. घर बघताना मी फक्त लिफ्ट आणि संडास बघितला होता. चार दिवसांत दुसरी खोली. तुळशीची कुंडी घरमालकिणीने स्वतःहून उचलली.

भाऊबीजेला दारातूनच ओवाळलं. तबकात दिवा नव्हता, मोबाईलचा टॉर्च होता.

काल सीएमव्हीचे आकडे वाढलेले आले. गोळ्या सुरू केल्यात, पण त्यांनी पांढऱ्या पेशी पुन्हा उतरतात, म्हणून त्या वाढवायचं इंजेक्शनही. एक झाकावं तर दुसरं उघडं पडतं. वही चालू आहे, गोळी रक्त दिल्यानंतरच. रानजाई, रोज तुमची आठवण निघते.

रानजाई, ८ नोव्हेंबर, सकाळी ६:३०

वाचून बरं वाटलं. खूप.

गोदाकाठची, १९ जानेवारी २०२५, दुपारी १२:४०

४ तारखेला शंभर दिवस झाले. मॅरो स्वच्छ, एमआरडी निगेटिव्ह, पेशी १०० टक्के माझ्या. त्याचा रक्तगट बी पॉझिटिव्ह होता, आता माझ्यासारखा ओ होत चाललाय. बाबा हे येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला सांगतात, आमच्या पोरीचं रक्त आहे त्याच्यात. काका आले होते तेव्हा दोनदा सांगितलं. एफएलटी३ परत डोकं वर काढू नये म्हणून आणखी एक गोळी सुरू केलीय, ती बराच काळ.

सायक्लोस्पोरिन कमी करायला सुरुवात झाली आणि दहाव्या दिवशी गालाच्या आतून पांढऱ्या जाळीसारख्या रेषा, तोंड कोरडं, तिळगूळसुद्धा झोंबला. आमच्या डॉक्टरांनी बॅटरी मारून बघितलं. म्हणाले, सौम्य क्रॉनिक जीव्हीएचडी दिसतोय, स्टिरॉइडचं माउथवॉश करू, गोळी कमी करायचा वेग जरा मंद करू. मग म्हणाले, एवढा असला तर मला फार वाईट वाटत नाही, तुमच्या पेशी जाग्या आहेत. मी काय चेहरा करावा कळेना. मंगळवारी परत दाखवायचंय. डोळेही कोरडे होतात का ते बघतील.

रंकाळ्याचा_तात्या, १९ जानेवारी, दुपारी १:०५

तिळगूळ झोंबतोय म्हणजे आमच्याकडचा तांबडा रस्सा यंदा नाही. पुढच्या संक्रांतीला आणा त्याला, पांढऱ्यापासून सुरू करू.